सहा गठ्ठे पद्धत

सहा गठ्ठे पद्धत (सहा गठ्ठा पद्धत असाही उल्लेख आढळतो) ही महाराष्ट्रातील महसूल विभाग, जिल्हा परिषदा व इतर शासकीय कार्यालयांत रूढ असलेली, टेबलावरील कामाची मांडणी आणि त्याचा पाठपुरावा करण्याची कार्यपद्धती आहे. या पद्धतीनुसार प्रत्येक लिपिक आपल्या ताब्यातील सर्व कागदपत्रे प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद अशा सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवतो. टेबलावरचा कोणताही कागद या सहांपैकी एका आणि एकाच गठ्ठ्यात असला पाहिजे, हे तिचे मूलसूत्र होय. वरकरणी ही कागद रचून ठेवण्याची रीत वाटते. परंतु एखादे काम या क्षणी कोणाच्या हातात आहे आणि ते पुन्हा केव्हा पाहायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे ती देते. अर्जदाराच्या दृष्टीने सारे महत्त्व याच दोन प्रश्नांना असते.

शब्द आणि त्यांचे अर्थ

'गठ्ठा' हा शब्द कागद कापडात बांधून ठेवण्याच्या जुन्या रिवाजाची आठवण देतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद ज्या कापडात बांधले जात, त्यास 'रुमाल' म्हणत आणि आजही तेथील कागदांचा निर्देश रुमालाच्या क्रमांकाने होतो. कागद गुंडाळण्याच्या कापडास 'बासन' असेही नाव आहे. त्यावरून 'प्रकरण बासनात गुंडाळणे' हा वाक्प्रचार आला. कागद नीट बांधून ठेवणे ही मूळ क्रिया चांगलीच होती, पण लोकांच्या अनुभवाने तिला 'काम कायमचे बाजूस सारणे' हा अर्थ दिला. भाषा कधीकधी अहवालांपेक्षा अधिक खरे बोलते, त्याचे हे उदाहरण मानावे लागेल. रेंगाळलेल्या कामास 'भिजत घोंगडे' म्हणणारी बोलीही त्याच अनुभवातून आलेली आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कार्यालयीन व्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्यात आली. 'प्रलंबित', 'प्रतीक्षाधीन', 'नियतकालिक', 'अभिलेख' हे शब्द त्या परिभाषेत रुळले. त्यांपैकी 'प्रतीक्षाधीन' हा शब्द विशेष अर्थवाही आहे. जे काम आपल्याकडून पुढे गेले आहे, पण दुसऱ्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेच्या अधीन आहे, ते प्रतीक्षाधीन. (हा शब्द कार्यालयांतील फलकांवर आणि गठ्ठ्यांवर बहुधा 'प्रतिक्षाधीन' असा लिहिलेला दिसतो. मूळ शब्द 'प्रतीक्षा' असल्याने त्यातील 'ती' दीर्घच हवी.) फाइलला मंत्रालयात 'नस्ती' आणि जिल्हा कार्यालयांत बहुधा 'संचिका' म्हणतात. एका लिपिकाकडे सोपविलेल्या विषयांच्या समूहास 'संकलन' ही संज्ञा आहे.

पूर्वपीठिका

कागदांची शिस्त मराठी प्रदेशाला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळचे देवगिरी ही यादवांची राजधानी. तेथे महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळात हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा 'श्रीकरणाधिप', म्हणजे राज्याच्या लेखनदफ्तराचा प्रमुख होता. मोडी लिपीच्या प्रसाराचे आणि पत्रलेखनाचे मायने सांगणाऱ्या 'मेस्तका'चे श्रेय परंपरा त्यालाच देते. व्यापारी पेढ्यांत दिवसाचे व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहून मग खातेनिहाय खतावणीत उतरवण्याची पद्धत होती. आधी कालक्रमाने नोंद आणि मग विषयवार वर्गवारी, हीच दोन पावले पुढे सहा गठ्ठे पद्धतीतही दिसतात.

मराठवाड्याचा दफ्तरी इतिहास मात्र उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतर मुंबई राज्याच्या वळणाचे गावनमुने, नोंदवह्या आणि कार्यालयीन रिवाज येथे क्रमाने लागू झाले. त्यामुळे येथील अभिलेख कक्षांत उर्दू, मोडी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांतील कागद शेजारी शेजारी नांदतात. याचा परिणाम काय होतो, ते पुढे अभिलेखाच्या संदर्भात येईल.

कागदाचा प्रवास

पद्धत समजून घेण्यासाठी कार्यालयात आलेल्या एखाद्या अर्जाचा माग काढणे उपयुक्त ठरते. अर्ज प्रथम आवक शाखेत येतो. तेथे त्यावर तारखेचा शिक्का पडतो, आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो आणि अर्जदाराने मागितल्यास पोच दिली जाते. त्यानंतर टपाल अधिकाऱ्यापुढे जाते आणि संबंधित संकलनाकडे वाटले जाते.

संकलनाचा लिपिक तो अर्ज आपल्या कार्यविवरण नोंदवहीत लिहून घेतो. ही नोंदवही म्हणजे सहा गठ्ठ्यांचा आरसा होय. तीत अनुक्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, कोणाकडून आला, विषय आणि शेवटी तो कसा व केव्हा निकाली निघाला यांची नोंद असते. आठवड्याच्या अखेरीस तिचा गोषवारा काढून वरिष्ठांस दाखवला जातो. गोषवाऱ्याचे गणित प्राथमिक शाळेतील मुलासही जमेल असे आहे. उदाहरणार्थ, मागील शिल्लक १८, नवीन आवक १२, एकूण ३०. त्यांपैकी निकाली ११, म्हणून अखेर शिल्लक १९. या १९ पैकी ७ प्रकरणे दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबली असतील, तर लिपिकाच्या स्वतःच्या हातातील खरे काम १२ प्रकरणांचे आहे. नोंदवहीत १२ आणि पहिल्या गठ्ठ्यात मोजून ९ निघाले, तर तीन कागद कोठे गेले, याचा शोध त्याच दिवशी घेता येतो. दफ्तर तपासणीस आलेला जाणता अधिकारी आधी नोंदवही वाचत नाही, गठ्ठे मोजतो, असे म्हणतात ते यामुळेच.

सहा गठ्ठे

पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा. ज्यावर लिपिकाने स्वतः काही कार्यवाही करावयाची आहे, असे कागद यात असतात. टिप्पणी लिहिणे, पत्राचा मसुदा करणे, त्रुटी कळविणे अशी ही कामे होत. हा गठ्ठा नेहमी हाताशी आणि नेहमी लहान असावा, अशी अपेक्षा असते. दुसरा गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. तो पद्धतीचा कणा असल्याने त्याचे विवेचन स्वतंत्रपणे पुढे केले आहे. तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे ठरावीक काळाने वरिष्ठ कार्यालयांस पाठवावयाची मासिक, त्रैमासिक, सहामाही व वार्षिक विवरणपत्रे असतात.

चौथ्या गठ्ठ्यात स्थायी आदेश संचिका असते. आपल्या विषयासंबंधीचे शासन निर्णय, परिपत्रके आणि अधिसूचना त्यात क्रमाने लावलेल्या असतात. हा गठ्ठा कधी 'निकाली' निघत नाही. बदली होऊन आलेल्या नव्या माणसाला विषय समजावून देणारा हाच एक कागदी गुरू असतो. हा गठ्ठा अद्ययावत नसेल, तर रद्द झालेल्या परिपत्रकाच्या आधारे अर्ज फेटाळले जातात आणि अपिलात ते आदेश टिकत नाहीत.

पाचव्या गठ्ठ्यात काम पूर्ण झालेली, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि सहाव्यात मुदत संपलेले, नष्ट करावयाचे कागद असतात. हे दोन गठ्ठे मनापासून कोणी करत नाही. हातावेगळ्या झालेल्या कागदाची यादी करून तो कक्षात जमा करण्यात कसलेच यश दिसत नाही, म्हणून ते काम मागे पडते आणि कपाटावर, कपाटाखाली, खिडकीत धूळ खाणारे ढीग साचतात. पण पहिल्या गठ्ठ्यातील तातडीचा कागद हरवतो तो बहुधा याच ढिगात.

प्रतीक्षाधीन प्रकरणे

कामाच्या विस्कळीतपणाचे बहुतेक अनर्थ हातातल्या कामामुळे घडत नाहीत. हातातून गेलेल्या कामामुळे घडतात. पत्र लिहिले, जावक क्रमांक पडला, टपाल गेले, की लिहिणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. ज्याच्याकडे पत्र गेले, त्याला ते आपले काम वाटत नाही. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत प्रकरण महिनोन्महिने पडून राहते आणि विशेष म्हणजे ते कोणाच्याच शिल्लक यादीत दिसत नाही. दुसरा गठ्ठा या रिकाम्या जागेसाठी आहे.

त्याची रीत अशी. बाहेर गेलेल्या पत्राची स्थळप्रत मूळ संचिकेसह प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवली जाते आणि प्रतीक्षाधीन नोंदवहीत कोणास लिहिले, कोणत्या तारखेस लिहिले आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे, हे लिहिले जाते. पुढील रकाने स्मरणपत्रांसाठी असतात. अपेक्षित तारीख उलटली की पहिले स्मरणपत्र, मग दुसरे. तरीही उत्तर न आल्यास अर्धशासकीय पत्र, म्हणजे एका अधिकाऱ्याने दुसऱ्यास नावानिशी लिहिलेले पत्र. उत्तर आले की कागद पहिल्या गठ्ठ्यात परत येतो. एकच प्रकरण पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यांमध्ये चार-सहा वेळा ये-जा करून शेवटी पाचव्यात विसावते. सरकारी पत्राच्या माथ्यावर 'संदर्भ' म्हणून जी आधीच्या पत्रांची क्रमांक-तारखांसह यादी असते, ती या ये-जा करण्याचाच इतिहास असते. सामान्य वाचक ती ओलांडून खाली जातो, पण प्रकरण कोठे किती दिवस थांबले, हे त्या चार ओळींत वाचता येते.

शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. समजा, छत्रपती संभाजीनगरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षक निवृत्त होणार आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनुसार निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि ती कागदपत्रे सहा महिने आधी लेखा कार्यालयाकडे जावीत, अशी अपेक्षा आहे. सेवापुस्तक प्रथम वेतन पडताळणी पथकाकडे जाते, तेथून आक्षेपांसह किंवा आक्षेपांविना परत येते, मग प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो. विदर्भ आणि मराठवाडा या दोन्ही प्रदेशांची निवृत्तिवेतन प्रकरणे तेथे पाहिली जातात. सेवापुस्तक पडताळणीसाठी गेले, त्या दिवशी शाळेच्या लिपिकाचे टेबल रिकामे झाले. पडताळणी पथकाने एखाद्या वेतननिश्चितीवर आक्षेप घेऊन ते परत पाठविले आणि शाळेत त्या काळात उन्हाळ्याची सुट्टी असली, तर ते पाकीट कपाटात पडून राहते. प्रतीक्षाधीन नोंदवहीत तारीख लिहिलेली असेल, तर जूनमध्ये शाळा उघडताच विचारणा होते. लिहिलेली नसेल, तर विचारणा करणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे स्वतः निवृत्त शिक्षक. आणि तोवर त्याचा पगार बंद झालेला असतो.

काही वेळा थांबणे हा कायद्याचाच भाग असतो. शेतजमिनीच्या वारस नोंदीचे घ्या. फेरफार गाव नमुना ६ मध्ये लिहिल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आल्यास तिची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये होते. या १५ दिवसांत तलाठ्याने (२०२४ पासून या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) काही करावयाचे नसते. सोळाव्या दिवशी मात्र ते प्रकरण त्याच्या समोर आपोआप आले पाहिजे. ते आले नाही, तर वारसांचे पीककर्ज अडते, कारण सातबाऱ्यावर अजून मृताचेच नाव असते.

नियतकालिके, तारखा आणि दैनंदिनी

तिसऱ्या गठ्ठ्याचे तत्त्व वेगळे आहे. तेथे कोणी मागणी केल्यावाचून काम उगवते, फक्त तारीख आली म्हणून. त्यासाठी नियतकालिक नोंदवहीत वर्षाच्या आरंभीच प्रत्येक विवरणपत्राची देय तारीख लिहून ठेवतात. शाळांत याच वळणाची वार्षिक नियोजन, घटक नियोजन व दैनिक टाचण अशी उतरंड असते. त्यातील टाचणवही तपासणीपुरती लिहिणारे शिक्षक असतात, तसेच नियतकालिक नोंदवही तपासणीपुरती भरणारे लिपिकही.

तारखांचे सर्वांत काटेकोर शास्त्र मात्र न्यायालयाच्या आवारात आढळते. छत्रपती संभाजीनगर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले. जिल्हा न्यायालय, महसुली अपिले आणि खंडपीठ यांमुळे शहरात वकिलांची मोठी वस्ती आहे. न्यायालय प्रत्येक प्रकरणात त्या दिवशी काय घडले, ते 'रोजनाम्या'त लिहिते. वकिलाचा कारकून तेच आपल्या डायरीत उतरवतो: प्रकरणाचे नाव, मागील तारीख, आजचे काम आणि पुढील तारीख. पुढील तारीख मिळताच डायरीचे ते पान उघडून तेथे नोंद केल्यावाचून आजचे पान मिटायचे नाही, हा अलिखित नियम. सहा गठ्ठ्यांच्या भाषेत सांगायचे, तर वकिलाची डायरी म्हणजे पूर्णपणे तारखेनुसार लावलेला प्रतीक्षाधीन गठ्ठा. एक तारीख चुकली तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो; चुकीची किंमत इतकी रोख असल्यामुळेच ही शिस्त टिकून आहे.

घरगुती पातळीवर हेच काम मराठी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेने केले. जयंत साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णय'च्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅसची टाकी आल्याची तारीख, डॉक्टरांची पुढची भेट आणि विम्याचा हप्ता एकाच पेनाने लिहिला जातो. पंचांग आणि पाठपुरावा यांचे असे सख्य क्वचितच पाहायला मिळते.

अभिलेखांचे वर्गीकरण

पाचव्या गठ्ठ्यातील प्रकरणावर अभिलेख कक्षात पाठविण्यापूर्वी वर्ग लिहावा लागतो. 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, 'क-१' वर्गाचे ५ वर्षे आणि 'ड' वर्गाचे १ वर्ष जतन करावयाचे असतात. मुदत संपलेले कागद सहाव्या गठ्ठ्यातून, यादी करून आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच नष्ट करता येतात. सार्वजनिक अभिलेखांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे, तो म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५.

या अक्षरांचे मोल मराठवाड्याने अलीकडेच अनुभवले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातील मराठा समाजाच्या व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन महसुली, शैक्षणिक व इतर नोंदी शोधण्यासाठी विभागातील आठही जिल्ह्यांचे अभिलेख कक्ष उघडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. ज्या कार्यालयाने जुने कागद यादीसह बांधून ठेवले होते, तेथे नोंद सापडते की नाही, एवढाच प्रश्न होता. जेथे कागद ओल, वाळवी किंवा निष्काळजीपणाने गेले, तेथे नोंद नव्हती की कागद नाही, हेच सांगता येत नाही. आणि या दोहोंमध्ये अर्जदाराच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, कधीकाळी कोण्या लिपिकाने गठ्ठ्यावर लिहिलेल्या एका अक्षरावर नातवंडांचा दाखला अवलंबून असू शकतो, हे यातून दिसले.

सुधारणेच्या मोहिमा आणि कायदे

१९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था, कार्यपद्धती आणि अभिलेख यांची नव्याने मांडणी केली. 'लखिना पॅटर्न' या नावाने तो प्रयोग राज्यभर ओळखला गेला. पुढे २०१७ मध्ये पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या पुढाकाराने 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' ही मोहीम राबविली गेली. तिच्यात अभिलेखांची वर्गवारी आणि सहा गठ्ठे पद्धत यांवर भर होता, आणि नंतर ती अन्य विभागांतही पोहोचली. नव्या मोहिमेने हाती घेतलेली साधने जुनीच होती, ही बाब लक्षणीय आहे. पद्धत कधी रद्द झाली नव्हती, तिचा विसर पडला होता.

कायद्याच्या पातळीवर शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्र अधिनियम महत्त्वाचा ठरतो. तो १ जुलै २००६ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. तातडीची नस्ती शक्यतो चार दिवसांत आणि तत्काळ नस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली निघावी. दुसऱ्या विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणांत ४५ दिवसांत आणि तशी गरज असलेल्या प्रकरणांत तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. या दोन मुदती म्हणजे पहिला आणि दुसरा गठ्ठा यांतील भेदास मिळालेली वैधानिक मान्यताच म्हणावी लागेल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे दायित्व सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकले, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदती जोडल्या.

मर्यादा

पद्धतीचा सर्वांत मोठा दोष तिच्या मोजमापात आहे. गोषवाऱ्यात कागद मोजले जातात, माणसे नाहीत. अर्जात एक किरकोळ त्रुटी काढून तो परत केला, की कागद निकाली निघतो. अर्जदाराचे काम मात्र होते तेथेच राहते. त्रुटी एकदम न सांगता एकेक करून सांगितल्यास एकाच कामातून तीन 'निकाल' दाखविता येतात. तसेच, आपण स्वतः करावयाचे काम एखादे अनावश्यक पत्र लिहून प्रतीक्षाधीन करून टाकण्याची युक्तीही जुनी आहे. पहिला गठ्ठा पातळ आणि दुसरा फुगलेला दिसला, तर तपासणाऱ्याने दुसरा उलगडून पाहावा, असा संकेत त्यामुळेच आहे.

कागदावर आधारलेल्या कोणत्याही व्यवस्थेस आगीचे भय असते. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक नस्त्या जळाल्या आणि त्या इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. जिल्हा कार्यालयांतील स्थळप्रतींचे महत्त्व त्या वेळी उजेडात आले. संगणकीय नस्त्यांच्या वापरास त्यानंतर वेग आला.

कार्यालयाबाहेर

अमेरिकी लेखक डेव्हिड ॲलन यांनी 'गेटिंग थिंग्ज डन' (२००१) या पुस्तकात मांडलेल्या पद्धतीत स्वतः करावयाच्या कामांची यादी आणि इतरांकडून येणे असलेल्या कामांची यादी वेगळी ठेवण्यास सांगितले आहे. तारखेनुसार लावलेल्या ४३ खणांची तिच्यातील रचना, म्हणजे महिन्याच्या ३१ दिवसांचे आणि वर्षाच्या १२ महिन्यांचे खण, तारखेनुसार लावलेल्या प्रतीक्षाधीन आणि नियतकालिक गठ्ठ्यांशी थेट जुळते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना परिचित असलेल्या जपानी 'फाइव्ह एस' पद्धतीचे पहिले पाऊल 'सेइरी', म्हणजे नको असलेले बाजूला काढणे, हे आहे; सहाव्या गठ्ठ्याचे काम तेच. या पद्धतींनी एकमेकींकडून काही घेतले असे मानण्याचे कारण नाही. कामाचा पसारा सगळीकडे सारखाच वाढतो आणि त्याला आवरण्याच्या वाटाही थोड्याच आहेत.

स्पर्धा परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्ती, जातप्रमाणपत्र पडताळणी आणि वसतिगृह प्रवेश यांत गुंतलेल्या विद्यार्थ्यांसाठी या पद्धतीचा दुसरा गठ्ठा तेवढाच उचलण्याजोगा आहे. त्यासाठी एका वहीचे एक पान पुरते: अर्ज कोठे दिला, पोच क्रमांक, तारीख, पुन्हा विचारण्याची तारीख. पुन्हा विचारण्याची तारीख अर्ज देतानाच लिहायची असते. मागाहून ती लिहिली जात नाही.

ई-ऑफिस प्रणाली आलेल्या कार्यालयांत कापडी गठ्ठे दिसेनासे होत आहेत. नस्ती कोणत्या दिवशी कोणाकडे आली व किती वेळ थांबली, हे संगणक स्वतःच नोंदवतो, आणि नस्ती विशिष्ट तारखेपर्यंत बाजूला ठेवून त्या दिवशी पुन्हा समोर आणण्याची सोयही प्रणालीत आहे. मात्र ती तारीख अजूनही टेबलावर बसलेल्या माणसालाच भरावी लागते.